घोडा मालकाचा, हाडे कोणाची?

३१ डिसेंबर २०१३ रोजी आयर्लंडमधील पंचेसटाउनच्या रेसकोर्सवर, चहाचा कप समोर असताना, डेव्ही रसेल या जॉकीला एक निर्णय ऐकवण्यात आला. गिगिन्सटाउन या नावाने धावणाऱ्या घोड्यांचे पहिले जॉकी म्हणून त्यांची यापुढे गरज नव्हती. या घोड्यांचे मालक मायकेल ओलिअरी. रायनएअर या विमान कंपनीचे प्रमुख म्हणून त्यांचे नाव युरोपभर परिचित आहे. रसेल यांनी अनेक वर्षे या मालकाचे घोडे अडथळ्यांवरून नेले होते. त्याआधीच्या दोन हंगामांत आयर्लंडमधील सर्वाधिक विजयांचा मानही त्यांनी मिळवला होता. वय चौतीस. त्यांच्या जागी एकवीस वर्षांच्या ब्रायन कूपर यांची नेमणूक झाली. रेसच्या जगात या घटनेची चर्चा काही दिवस झाली आणि बहुतेकांनी एकच निष्कर्ष काढला : घोडा मालकाचा, पैसा मालकाचा, तेव्हा जॉकी कोण हे मालकानेच ठरवावे.

हा निष्कर्ष दिसतो तितका निर्विवाद आहे काय? जॉकीला यश मिळेनासे झाले, किंवा तसे मालकाला वाटू लागले, की त्याला बदलणे हा मालकाचा निरपवाद हक्क मानावा काय? धनिकांच्या एका करमणुकीतील हा किरकोळ प्रश्न म्हणून तो बाजूला सारता येईल. परंतु धनिकांची करमणूक जेव्हा दुसऱ्याच्या शरीरावर उभी असते, तेव्हा तो श्रमाचा प्रश्न होतो.

महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर धावतात त्या सपाट मैदानावरील शर्यती. ब्रिटन, आयर्लंड आणि फ्रान्स या देशांत दुसरा एक प्रकार रूढ आहे. त्यात दोन मैल ते चार मैलांहून अधिक अंतर कापताना घोड्याला वाटेत उभारलेली कुंपणे ओलांडावी लागतात. ब्रिटनमधील मोठ्या कुंपणाची उंची किमान साडेचार फूट असते. लिव्हरपूलजवळच्या सुप्रसिद्ध ‘ग्रँड नॅशनल’मध्ये अशी तीस उड्डाणे घ्यावी लागतात. अर्ध्या टनाचा प्राणी वेगात असताना उडी चुकतो तेव्हा पाठीवरचा माणूस जमिनीवर आदळतो आणि मागून येणाऱ्या घोड्यांच्या टापा त्याच्या अंगावरून जाऊ शकतात. सुरक्षित हात-पाय घेऊन निवृत्त होणारा जॉकी या व्यवसायात विरळा. शर्यत चालू असताना घोड्यांच्या मागोमाग रुग्णवाहिका धावत असते. कामाच्या जागी कामगारापाठोपाठ रुग्णवाहिका धावावी लागते, असे व्यवसाय जगात फार नाहीत.

ही भीती काल्पनिक नाही. मार्च २०१३ मध्ये चेल्टनहॅम येथे पडलेले जे. टी. मॅकनमारा यांचे शरीर लुळे पडले आणि तीन वर्षांनी, २०१६ मध्ये, त्यांचे निधन झाले. फेब्रुवारी २०२५ मध्ये आयर्लंडमधील थर्ल्स येथे पडलेले मायकेल ओसलिव्हन दहा दिवसांनी मरण पावले. त्यांचे वय होते चोवीस.

असे काम करणाऱ्या माणसाचे मालकाशी नाते काय असते? बहुतेक जॉकी कोणाचेही नोकर नसतात. ते स्वतंत्र व्यावसायिक म्हणवले जातात. प्रत्येक शर्यतीमागे ठरावीक मेहनताना आणि बक्षिसातील काही वाटा, एवढीच त्यांची मिळकत. प्रवासाचा, सामानाचा, काम मिळवून देणाऱ्या मध्यस्थाचा खर्च त्यांच्याच खिशातून जातो. मोजक्या नामवंतांना एखादा बडा मालक वर्षाची रक्कम ठरवून बांधून घेतो. त्या बदल्यात जॉकीने त्या मालकाचे घोडे आधी आणि इतरांचे नंतर, असा क्रम पाळायचा असतो. अशा प्रकारे बांधलेला जॉकी इतर मालकांची कामे नाकारतो आणि ती कामे दुसऱ्याकडे जातात. मग एके दिवशी त्याला दूर केले, तर सोडून दिलेली जुनी कामे परत मिळतातच असे नाही. नोकरीची बंधने त्याच्यावर असतात. नोकरीचे संरक्षण मात्र नसते.

मालकांची बाजूही प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. घोडा विकत घेणे, त्याला वाढवणे, प्रशिक्षकाकडे ठेवणे यात मोठी रक्कम गुंतते. घोड्याची भरभराटीची वर्षे थोडी असतात. एक हंगाम वाया गेला तर तो परत येत नाही. शिवाय आत्मविश्वास गमावलेला जॉकी उडीच्या क्षणी कचरतो, लगाम नको तेव्हा खेचतो आणि त्यामुळे तो स्वतः, त्याचा घोडा आणि आजूबाजूचे इतर जॉकी असे सर्वच धोक्यात येतात. अशा माणसाला केवळ दयेपोटी पुन्हा पुन्हा घोड्यावर बसवणे ही माणुसकी नव्हे. या म्हणण्यात तथ्य आहे. काही वेळा जॉकीला खाली उतरवणे हेच त्याच्या हिताचे असते, हे मान्य केल्यावाचून या प्रश्नाचा विचार न्याय्य होणार नाही.

तथापि ‘अपयश’ म्हणजे काय आणि ते कोणाच्या खात्यावर मांडायचे, हे आधी ठरवावे लागेल. टोनी मॅकॉय हे १९९६ पासून २०१५ पर्यंत सलग वीस वेळा ब्रिटनचे अग्रणी जॉकी ठरले. अडथळ्यांच्या शर्यतींच्या इतिहासात त्यांच्याइतके विजय कोणी मिळवलेले नाहीत. त्यांचे विजय चार हजार तीनशेहून अधिक, आणि त्यासाठी ते सतरा हजारांहून अधिक शर्यतींत घोड्यावर बसले. म्हणजे सर्वश्रेष्ठ जॉकीसुद्धा चारपैकी तीन वेळा हरला. ग्रँड नॅशनल तर त्यांना पंधराव्या प्रयत्नात, २०१० साली मिळाली. आधीच्या चौदा पराभवांचा हिशेब मांडून त्यांना कोणी अयोग्य ठरवले असते तर?

दुसरे उदाहरण जुने, पण बोलके आहे. १९५६ च्या ग्रँड नॅशनलमध्ये ब्रिटनच्या राजमातेचा ‘डेव्हन लॉक’ हा घोडा शेवटचे कुंपण ओलांडून सर्वांच्या पुढे होता. विजयाची रेषा अवघ्या पन्नास यार्डांच्या आसपास उरली असताना तो अचानक चारही पाय पसरून कोसळला. पाठीवर होते डिक फ्रान्सिस. घोडा का कोसळला याचा उलगडा आजतागायत झालेला नाही. कागदावर मात्र तो पराभव जॉकीच्या नावापुढे लिहिला गेला. १९५७ च्या आरंभी पुन्हा एकदा पडून जायबंदी झाल्यावर राजमातेचे स्नेही व सल्लागार लॉर्ड अबर्गव्हेनी यांनी फ्रान्सिस यांना आता थांबण्याचा सल्ला दिला आणि त्यांनी तो मानला. हे सांगणे सभ्यपणाचे होते, खाजगीत होते. पण सल्ला देणारा मालकाच्या बाजूचा आणि ऐकणाऱ्यापुढे दुसरा मार्ग नाही, ही परिस्थिती राजवाड्याच्या छायेतही तीच होती. पुढे फ्रान्सिस चाळीसहून अधिक रहस्यकथांचे लेखक म्हणून जगभर गाजले. लेखणी साथ देईल असे प्रत्येक जायबंदी जॉकीच्या नशिबी नसते.

यश-अपयशाची ही मोजणी किती तकलादू असते, ते गिगिन्सटाउनच्या पुढील इतिहासानेच दाखवून दिले. नेमणुकीला अडीच महिने होण्याआधीच, मार्च २०१४ मध्ये, चेल्टनहॅमच्या महोत्सवात कूपर घोड्यावरून पडले आणि त्यांचा पाय मोडला. त्यांच्या जागी बसवायला कोण उपलब्ध होते? नुकतेच दूर केलेले रसेल. महोत्सवाच्या अखेरच्या दिवशी त्यांनी गिगिन्सटाउनचाच ‘टायगर रोल’ हा तरुण घोडा जिंकून दिला आणि त्याच दुपारी दुसऱ्या मालकाच्या ‘लॉर्ड विंडरमिअर’वर बसून मानाचा ‘गोल्ड कप’ही मिळवला. दोन वर्षांनी, २०१६ साली, कूपर यांनी गिगिन्सटाउनच्या ‘डॉन कॉसॅक’वर तोच गोल्ड कप जिंकला. एवढ्याने तरी त्यांचे स्थान पक्के व्हावे? २०१७ च्या उन्हाळ्यात त्यांनाही पहिल्या जॉकीच्या जागेवरून दूर करण्यात आले. आणि २०१८ व २०१९ अशी लागोपाठ दोन वर्षे ग्रँड नॅशनल जिंकणाऱ्या टायगर रोलच्या पाठीवर पुन्हा रसेल होते. नालायक म्हणून नव्हे, पण नकोसा म्हणून दूर केलेल्या माणसानेच वयाच्या अडतिसाव्या आणि एकोणचाळिसाव्या वर्षी त्याच मालकाला हा मान मिळवून दिला.

या कथेचा एक सोपा बोध काढण्याचा मोह होतो : पाहा, मालक चुकला आणि गुणवान माणूस अखेर जिंकला. रेसच्या बातमीदारांनी तो बोध आनंदाने काढला. चळवळीतील माणसाने मात्र त्यापासून सावध राहिले पाहिजे. रसेल जिंकले म्हणून त्यांच्यावरचा अन्याय सिद्ध होतो असे मानले, तर जे पुन्हा जिंकले नाहीत त्यांच्यावर अन्याय झालाच नाही, असेही मानावे लागेल. कूपर यांनी जानेवारी २०२३ मध्ये, वयाच्या तिसाव्या वर्षी निवृत्ती पत्करली. त्या कामातला आनंद उरला नव्हता. २०१६ ची ग्रँड नॅशनल गिगिन्सटाउनच्याच ‘रूल द वर्ल्ड’वर एकोणिसाव्या वर्षी जिंकणारे डेव्हिड मलिन्स यांनी २०२१ साली, चोविसाव्या वर्षीच घोडा सोडला. त्यांच्या कथांना टाळ्यांचा शेवट नाही. कामगाराचा न्याय त्याच्या पुढच्या विजयावर अवलंबून असेल, तर तो न्याय नव्हे. ती दुसरी एक पैज झाली.

मालकशाहीची पकड केवळ जॉकीपुरती नाही, हेही येथे नोंदवले पाहिजे. सप्टेंबर २०१६ मध्ये आयर्लंडचे आघाडीचे प्रशिक्षक विली मलिन्स यांनी बऱ्याच वर्षांनी आपल्या शुल्कात वाढ केली. गिगिन्सटाउनला ती मान्य झाली नाही आणि साठ घोडे एकदम त्यांच्या पागेतून हलवण्यात आले. मलिन्स यांच्यासारखा नावाजलेला प्रशिक्षक हा धक्का सोसू शकला. घोड्यांना खरारा करणाऱ्या, पहाटे त्यांना फिरवणाऱ्या मोतद्दारांचे काम मात्र घोड्यांबरोबर इकडून तिकडे जाते. त्यांना कोणी चहाला बोलावून काही सांगत नाही.

आता सुरक्षिततेच्या युक्तिवादाकडे वळू. खचलेला जॉकी धोकादायक असतो, हे खरे. पण तो खचला आहे हे ठरवण्याचा अधिकार कोणाचा? ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये यासाठी एक चांगली व्यवस्था आधीपासून आहे. पडलेल्या जॉकीला रेसकोर्सवरील डॉक्टरने तपासून परवानगी दिल्याशिवाय पुन्हा घोड्यावर बसता येत नाही. डोक्याला मार लागला असेल तर सक्तीची विश्रांती घ्यावी लागते. येथे निर्णय वैद्यकाचा असतो. घोड्याचा भाव किंवा मालकाची घाई त्यात येत नाही. हेच तत्त्व पुढे न्यायला हवे. जॉकीच्या मनावर ताण आहे काय, तो वजन घटवण्यासाठी उपाशी राहून अशक्त झाला आहे काय, जुनी दुखापत भरून आली आहे काय, हे पाहणे डॉक्टरचे काम आहे. विजयांचा तक्ता पाहून मालकाने केलेले निदान त्याची जागा घेऊ शकत नाही.

यात आणखी एक गोष्ट लपलेली आहे. काम जाण्याची टांगती तलवार हीच सुरक्षिततेची मोठी शत्रू असते. दोन आठवडे घरी बसलो तर आपला घोडा दुसऱ्याकडे जाईल आणि परत मिळणार नाही, या धास्तीने माणूस दुखणे लपवतो, मोडलेल्या बरगडीवर पट्टी बांधतो आणि चक्कर येत असली तरी डॉक्टरपुढे ताठ उभा राहतो. घोडा आणि इतर जॉकी यांची खरोखर काळजी असेल, तर मालकांनी ही धास्ती आधी दूर केली पाहिजे. विश्रांतीनंतर काम परत मिळण्याची हमी असलेला जॉकी खरे बोलेल. हमी नसलेल्याकडून प्रामाणिकपणाची अपेक्षा करणे म्हणजे त्याला उपाशी राहण्याचा उपदेश करणे होय.

आणखी एक आक्षेप अधिक विचार करण्याजोगा आहे. जुन्यांना दूर केल्याशिवाय नव्यांना संधी कशी मिळणार? २०२१ साली रेचल ब्लॅकमोर या ग्रँड नॅशनल जिंकणाऱ्या पहिल्या स्त्री जॉकी ठरल्या. पुरुषांच्या या बंदिस्त क्षेत्रात कोणी विश्वासाने घोडे त्यांच्या हाती दिले नसते, तर ते घडले नसते. जागा मोजक्या आहेत आणि त्या कोणाच्याही वतनाच्या नाहीत, हे निश्चित. परंतु नव्याला संधी देणे आणि जुन्याला एका दुपारी रस्त्यावर आणणे या गोष्टींचा परस्परांशी अपरिहार्य संबंध नाही. शिवाय आजचा नवा हा उद्याचा जुना असतो. २०१४ साली कूपर यांच्यासाठी ज्या रीतीने दार उघडले, त्याच रीतीने २०१७ साली ते त्यांच्यासाठी बंद झाले. नव्या-जुन्या जॉकींना एकमेकांचे शत्रू समजायला लावणे मालकांच्या सोयीचे आहे. त्या दोघांचे हित मात्र एकच आहे.

तेव्हा मूळ प्रश्नाचे उत्तर असे द्यावे लागेल. एखाद्या शर्यतीत एखाद्या घोड्यावर कोणी बसावे, हे मालक व प्रशिक्षक यांनी ठरवण्यास हरकत नाही. घोड्याचा स्वभाव आणि स्वाराचा हात जुळावा लागतो. तेथे सक्ती करता येणार नाही. पण एका शर्यतीसाठी स्वार बदलणे वेगळे आणि माणसाची उपजीविका काढून घेणे वेगळे. वर्षाचा करार करून ज्याला बांधून घेतले, त्याला दूर करण्यापूर्वी कारण सांगितले पाहिजे, पुरेशी मुदत दिली पाहिजे आणि हंगाम मध्येच तोडला तर उरलेल्या काळाची भरपाई दिली पाहिजे. दुखापतीमुळे कामगिरी घसरली असेल, तर ती जॉकीच्या खात्यावर मांडता कामा नये; बरा होऊन परतल्यावर ठरावीक काळ त्याला काम मिळाले पाहिजे. आणि ज्याची शरीरशक्ती खरोखर संपली आहे, त्याला नवा व्यवसाय शिकण्यासाठीचा खर्च या उद्योगानेच उचलला पाहिजे. बक्षिसांच्या रकमा, पैजांची उलाढाल आणि घोड्यांचे लिलाव पाहता हा खर्च या उद्योगाला जड जाईल, असे कोणी म्हणू नये.

याची सुरुवात झालेली नाही असे नाही. १९६३ च्या डिसेंबरात टिम ब्रुकशॉ आणि १९६४ च्या ग्रँड नॅशनलमध्ये पॅडी फॅरेल, असे दोन जॉकी काही महिन्यांच्या अंतराने पडून कायमचे पंगू झाले. त्यानंतर १९६४ साली ब्रिटनमध्ये जायबंदी जॉकींसाठी निधी उभा राहिला. त्या निधीने पुढे पुनर्वसन केंद्रेही काढली आणि असंख्य कुटुंबांना आधार दिला. हे कार्य निःसंशय मोलाचे आहे. मात्र निधी देणग्यांवर चालतो आणि देणगी देणाऱ्याच्या मर्जीवर असते. जो धोका मालकाच्या लाभासाठी पत्करला, त्याची भरपाई दानपेटीतून व्हावी आणि मालकाच्या हिशेबवहीत तिचा मागमूस नसावा, ही व्यवस्था कायमची मानता येत नाही. दया जेथे थांबते तेथून हक्काची सुरुवात व्हायला हवी.

लँकेशायरच्या हिरवळीवरील हा प्रश्न मराठी कामगाराला अपरिचित वाटू नये. गिरणगावात ‘बदली’ या शब्दाचा अर्थ कोणाला समजावून सांगावा लागत नसे. पाळी सुरू होण्याआधी गिरणीच्या दारात उभे राहायचे, कोणी गैरहजर असेल तर आत जायचे, नसेल तर परत फिरायचे. वर्षानुवर्षे काम करूनही असे असंख्य लोक बदलीच राहिले आणि त्यांना कायम करण्याची मागणी १९८२ च्या संपातील एक महत्त्वाची मागणी होती. ओलिअरींच्या घोड्यावर बसणारा जॉकी नावाजलेला असेल, त्याची मिळकत गिरणी कामगाराच्या कित्येक पट असेल; तरी दुसऱ्याच्या गैरहजेरीवर आपले काम आणि आपल्या गैरहजेरीवर दुसऱ्याचे काम, हे सूत्र दोन्हीकडे एकच आहे. आज मोटारसायकलवरून घरोघरी जेवण पोचवणाऱ्या तरुणांनाही नोकर म्हणत नाहीत, ‘भागीदार’ म्हणतात. अपघात झाला की त्या शब्दाचा खरा अर्थ कळतो.

म्हणून, जॉकी बदलावा की नाही, या प्रश्नाला केवळ रेसच्या पानावर सोडून चालणार नाही. नफा ज्याचा त्याने धोक्याचाही वाटा उचलावा, हे समाजवादाचे साधे मागणे आहे. घोडा मालकाचा असेल, करंडकही मालकाच्या दिवाणखान्यात जाईल. मोडलेली हाडे मात्र ज्याची त्यालाच सांभाळावी लागतात. ती सांभाळण्याची पाळी येते तेव्हा मालकाने करारातील शेवटची ओळ दाखवून निघून जाऊ नये, एवढी तरतूद त्या करारात असली पाहिजे. ती मालकाच्या सद्बुद्धीतून आपोआप येणार नाही. रसेल, कूपर आणि त्यांच्यानंतर येणारे एकवीस वर्षांचे सर्व तरुण एका संघटनेत, एका मागणीमागे उभे राहतील, तेव्हाच ती येईल.